वाटा आणि उष्टे

कन्हेरीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तिथल्या मारुतीमुळे. बारामतीच्या राजकारणातले प्रचाराचे नारळ अनेक निवडणुकांत याच मारुतीपुढे फुटले आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो होतो ते मात्र एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्या साखरपुड्याला. जेवणे आटोपल्यावर आम्ही तीन-चार मास्तर मंडळी ओसरीवर पान खात बसलो होतो. समोर दोन कुत्री होती. एक घरचे, लॅब्रॅडॉर जातीचे, साखळीला बांधलेले आणि इतके जाड की उठून शेपूट हलवण्यापेक्षा पडल्या पडल्या हलवणे त्याने पत्करले होते. त्याच्या थाळीत पिशवीतले गोळीखाद्य होते आणि त्यावर कोणीतरी प्रेमाने मसालेभात आणि दीड जिलबी ठेवली होती. दुसरे कुत्रे शेजारच्या मोकळ्या रानात मेंढरे बसवायला आलेल्या धनगराचे. ते बाभळीखाली ताकात कुस्करलेली बाजरीची भाकरी चाटूनपुसून संपवत होते.

आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘बघा, भाकरीवरचे कुत्रे कसे काटक आहे! ही पिशव्यांची थेरे आमच्या लहानपणी नव्हती.’’ दुसऱ्यांनी लगेच प्रतिवाद केला, की हा सगळा गावठी अडाणीपणा आहे, कुत्र्याचे पोषण हे शास्त्र आहे आणि ते कंपन्यांनाच कळते. मग देशीवाद, जागतिकीकरण, बाजारपेठ असे परिचित शब्द आले आणि चर्चा रंगली. दोघेही मराठीचे प्राध्यापक. त्या अर्ध्या तासात दोघांपैकी एकानेही समोरच्या कुत्र्यांकडे पुन्हा पाहिले नाही. प्रस्तुत लेख त्या दोघांविरुद्ध आहे, आणि पुढे सांगणार आहे त्या कारणासाठी थोडासा माझ्याविरुद्धही.

प्रथम भाषेकडे वळू, कारण आपला धंदा तो आहे. मराठीत माणसाला जेवण ‘वाढतात’, देवाला नैवेद्य ‘दाखवतात’, गाईला वैरण ‘घालतात’ आणि कुत्र्याला तुकडा ‘टाकतात’. क्रियापदांची ही उतरंड कोणी ठरवून केलेली नाही, पण ती चोख आहे. आता नामे पाहा. गाईच्या खाण्यासाठी आपल्याकडे चारा, वैरण, कडबा, पेंड, सरकी, आंबोण, खुराक, मुरघास असा भरगच्च शब्दसंग्रह आहे. कुत्र्याच्या खाण्याला स्वतःचा असा एकही शब्द नाही. त्याला मिळते ते शिळे, उष्टे, उरलेले, खरवडलेले. म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी अन्न, त्याचे काम संपल्यानंतरचे. वाक्प्रचारही तसेच आहेत. एखाद्याची दशा फारच वाईट झाली तर त्याचे हाल कुत्रे खात नाही, असे आपण म्हणतो. याचा अर्थ, कुत्रे एरवी काहीही खाते हे आपण गृहीत धरले आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, या म्हणीत तर खाणे हाच त्याचा गुन्हा आहे.

हा शब्दांचा खेळ वाटत असेल तर बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कोणत्याही गोठ्यात जावे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून या भागात खेळते आहे. उसाच्या जोडीने दूधधंदा इथे मुरला आहे. इथला शेतकरी दर लिटर दुधामागे तीनशे-चारशे ग्रॅम खुराक हा हिशेब तोंडपाठ म्हणतो. गाभण गाईला काय, व्यायलेल्या गाईला काय, भाकड गाईला काय, हे त्याला विचारावे लागत नाही. खनिज मिश्रणाची पुडी गव्हाणीच्या वर टांगलेली असते. याच माणसाला त्याच्या दारातले कुत्रे दिवसाला किती खाते हे विचारा. तो हसेल. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की पोषणाचे ज्ञान त्याच्याकडे भरपूर आहे. ते कुत्र्यापर्यंत पोचत नाही, एवढेच. गाईचे खाणे ही गुंतवणूक आहे आणि कुत्र्याचे खाणे हा दानधर्म आहे. दानात माप नसते, आणि घेणाऱ्याच्या गरजेची चौकशीही नसते.

आमचे पहिले गृहस्थ इथे परंपरेचा हवाला देतील. तर तो घेऊच. महाभारताच्या आदिपर्वात, कथा पुरती सुरूही झालेली नसताना, एक कुत्रे मार खाते. जनमेजयाच्या सत्रात सरमेचा मुलगा येतो, जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपतात, आणि सरमा येऊन विचारते, की याने हवी चाटला नाही, त्याकडे पाहिलेही नाही, मग मारले का? उत्तर कोणाकडेच नसते. सरमा शाप देते आणि राजा तो शाप निवारण्यासाठी पुरोहित शोधत फिरतो. महाप्रस्थानातले युधिष्ठिराच्या मागून चालणारे कुत्रे आपण वर्गात रंगवून शिकवतो, कारण ते शेवटी धर्म निघते. सरमेचे पोर मात्र कुत्रेच राहते, आणि त्याचा प्रश्न अन्नाचा असतो, म्हणून त्याच्यावर आपण तास घेत नाही.

श्राद्धातल्या पंचबलींत गाय, कावळा, देव आणि मुंग्यांच्या बरोबरीने श्वानबली आहे. हा घास माणसे जेवायला बसण्यापूर्वी काढायचा असतो. त्यामागची श्रद्धा कोणी मानो न मानो, त्यातली एक गोष्ट नजरेआड करू नये: तो वाटा आहे, उष्टे नव्हे. कुत्रे पोळी घेऊन पळाले तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा तर प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. खंडोबाच्या पायाशी कुत्रे आहे. त्याचे वाघे काही विधींत स्वतःच कुत्रे होऊन भुंकतात आणि कोटंब्यातला प्रसाद तोंडाने खातात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली केवढे रान उठले हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वादात मला शिरायचे नाही. मी एवढेच म्हणतो, की दगडाच्या कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंनी जेवढी शाई सांडली, तिच्या शतांशानेही जिवंत कुत्र्याच्या थाळीत काय आहे याची विचारपूस आपल्या वाङ्मयीन जगात झालेली नाही. परंपरेने ठेवलेला वाटा आपण गाळला आणि कथा तेवढी ठेवली.

आता भाकरीकडे. भाकरी हे कुत्र्याचे अन्नच नव्हे, असे जे सांगितले जाते ते खोटे आहे, आणि ते शास्त्रानेच खोटे ठरवले आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर ज्या जनुकावर अवलंबून असते, त्याच्या लांडग्यात दोन प्रती आढळल्या. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणसाने शेती सुरू केली आणि त्याच्या धान्याच्या कडेकडेने राहून कुत्रे हे कुत्रे होत गेले. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर आजही लांडगा आहे. त्या लांडग्यात आणि कन्हेरीच्या ओसरीवरच्या कुत्र्यात जे अंतर पडले आहे, त्यातला एक मोठा भाग धान्याचा आहे. तेव्हा भाकरीची लाज बाळगण्याचे कारण नाही.

पण भाकरी पचते याचा अर्थ भाकरी पुरते असा होत नाही. आमच्या पहिल्या गृहस्थांचा घोटाळा नेमका इथे आहे. ज्वारी-बाजरीत प्रथिने दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास असतात. प्रौढ कुत्र्याच्या आहारात कोरड्या वजनाच्या किमान १८ टक्के प्रथिने असावीत आणि वाढत्या पिलाच्या आहारात साडेबावीस टक्के, असा अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेचा दंडक आहे. धनगराचे कुत्रे भाकरीवर जगते हे अर्धसत्य आहे. ते ताक पिते, मेंढी व्याली की वार खाते, मेलेले कोकरू खाते, रानातले उंदीर-घुशी मारून खाते, आणि दिवसाला कित्येक कोस चालते. फ्लॅटच्या गॅलरीत बांधलेल्या कुत्र्याला त्यातली फक्त भाकरी द्यायची आणि वर परंपरेचे नाव घ्यायचे, हा परंपरेवरचा अन्याय आहे. शिवाय त्या काटक कुत्र्यांपैकी किती पिले वर्षाची होण्याआधी मेली, हे आपल्या आठवणींत नोंदलेले नसते. आठवणीत राहतात ती जगलेली कुत्री.

इथे मला माझ्याविषयी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही घरी जर्मन शेफर्ड जातीची एक पिल्लू मादी आणली. पिशवीतले खाद्य आणायचे नाही असा माझा बाणा होता. घरचे, ताजे, प्रेमाने शिजवलेले अन्न; म्हणजे चिकन आणि भात. हाड घशात अडकेल म्हणून चिकन बिनहाडाचे. तिने कधी थाळीत शीत ठेवले नाही, आणि आम्ही कृतार्थ होतो. पाचव्या महिन्यात ती जिना चढेना. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले, आणि उचलून घेतले की ती कण्हायची. पशुवैद्यांनी छायाचित्र दाखवले, त्यात हाडे धुरकट दिसत होती. मांसात स्फुरद पुष्कळ असते आणि कॅल्शियम जवळजवळ नसते, भातातही नसते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग स्वतःच्याच हाडांतून ते काढून घेते. म्हणजे आम्ही तिला पोटभर जेवू घालत होतो आणि ती स्वतःची हाडे खात होती. आहार बदलल्यावर ती सावरली, पण तिची चाल शेवटपर्यंत सरळ झाली नाही. माझ्याकडे पदव्या होत्या, ग्रंथालय होते, प्रेमही होते. मी एकदाही कोणाला विचारले नव्हते.

हे माझे एकट्याचे अज्ञान नव्हते, हे नंतर कळले. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्या पुस्तकांतल्याही होत्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ९५ टक्के पाककृतींत एखादे तरी अत्यावश्यक पोषकद्रव्य कमी होते. ‘घरचे’ हा शब्द मराठी मनाला जेवढा पवित्र वाटतो तेवढा तो कुत्र्याच्या यकृताला आणि हाडांना वाटत नाही. घरच्या फोडणीतला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि फळांच्या ताटलीतली द्राक्षे त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. चॉकलेट विषारी आहे. शिजवलेले हाड तुटून त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. यातली प्रत्येक गोष्ट आपल्या घरात रोज असते आणि ‘टाकली’ जाते.

एवढे ऐकून आमचे दुसरे गृहस्थ खूश झाले असतील. त्यांनी थोडे थांबावे. पिशवीचा इतिहास शास्त्राने सुरू झालेला नाही, व्यापाराने झाला आहे. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली. गोदीतली कुत्री जहाजावरची कडक बिस्किटे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच कंपनीत विक्रीचे काम करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ साली आपल्या नावाने कुत्र्यांचे प्रदर्शन भरवले, ते आजही जगप्रसिद्ध आहे. खाद्य आणि कुळाचा अभिमान हे दोन धंदे तेव्हापासून हातात हात घालून चालतात. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत डब्यांतून घोड्याचे मांस आले. १९५७ पासून दाबयंत्रातून फुगवलेली गोळी आली, तीच आज कन्हेरीच्या थाळीत आहे. आणि कंपन्यांना सगळे कळते म्हणावे, तर २००७ साली अमेरिकेत मेलामाइन मिसळलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमुळे कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि शेकडो प्रकारची खाद्ये बाजारातून परत घ्यावी लागली. प्रथिनांच्या चाचणीत आकडा फुगावा म्हणून ते रसायन मिसळले होते. भेसळीची ही युक्ती आपल्या दूधवाल्यांना नवी वाटणार नाही. २०१८ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. नेमके कारण निर्विवाद सिद्ध झालेले नाही. पण धान्य काढून टाकणे म्हणजे श्रेष्ठ, ही जाहिरात कशावर उभी होती हा प्रश्न उरतोच. धान्याबरोबर हजारो वर्षे वाढलेल्या प्राण्याला धान्य वाईट, हे सांगायला फक्त देखण्या पिशवीची गरज लागते.

तरीही पिशवीची एक बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या पिशवीवर ती वयानुरूप संपूर्ण व समतोल आहार असल्याचे लिहिलेले आहे, त्यात कॅल्शियम आणि स्फुरदाचे प्रमाण, जीवनसत्त्वे, जस्त यांचा हिशेब कोणीतरी केलेला असतो. माझ्या चिकन-भातात तो कोणीच केला नव्हता. ज्याला वेळ नाही, ज्याला मोजमाप जमत नाही, त्याने अशी साधी, मध्यम किमतीची पिशवी आणावी आणि मुळीच अपराधी वाटून घेऊ नये. फक्त वाचावी. आपण संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवतो. पिशवीची मागची बाजूही संहिताच आहे. पुढच्या बाजूवर लांडग्याचे चित्र असते, ते अलंकार म्हणून सोडून द्यावे. डब्यातल्या ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, तेव्हा त्याचे टक्के कोरड्या गोळीच्या टक्क्यांशी थेट ताडून पाहू नयेत. ‘पूरक’ किंवा ‘खाऊ’ असे लिहिलेले ते जेवण नव्हे.

आणि ज्याला घरी शिजवायचे आहे त्यानेही खुशाल शिजवावे. भात किंवा भाकरी, त्याच्या जोडीला अंडी, चिकन, मासे किंवा पनीर यांचा खरा वाटा, थोडी भाजी, थोडे तेल. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण नाही. आणि कॅल्शियमची व इतर पूरक द्रव्यांची मात्रा पशुवैद्याने कुत्र्याचे वजन आणि वय पाहून ठरवून दिलेली. शेवटचा भाग वगळला तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे. वाढत्या पिलाच्या बाबतीत तर मी घरगुती प्रयोगाच्या विरुद्धच बोलेन, आणि का ते वर सांगितले आहे.

दोन्ही पक्षांना न सुचलेला मुद्दा मापाचा आहे. दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात. ग्लुकोज बिस्किटांचा पन्नास ग्रॅमचा पुडा सव्वादोनशेच्या आसपास देतो, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर कौतुकाने भरवलेला एक पुडा हे त्याचे एक-तृतीयांशाहून अधिक जेवण असते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर केलेला चौदा वर्षांचा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या पिलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून अधिक जगली, आणि त्यांचे सांधे उशिरा झिजले. प्रयोग एका खाद्यकंपनीनेच केला होता, हे विशेष. नामदेवांची तुपाची वाटी त्या भुकेल्या कुत्र्यासाठी होती. ओसरीवरच्या जाड लॅब्रॅडॉरला ती दिली तर त्याच्या स्वादुपिंडाला सूज येईल. भक्ती तीच, कुत्रे वेगळे. बरगड्यांवरून हात फिरवावा: त्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. एवढी परीक्षा कोणालाही करता येते.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. माणसांना अन्न नाही तिथे कुत्र्यांच्या प्रथिनांच्या टक्केवारीचे कौतुक कसले? हा आक्षेप सोयीसाठी घेणारे पुष्कळ आहेत, पण ज्यांच्या वाट्याला गावकीचे उष्टे आले त्यांच्या तोंडून तो आला तर मान खाली घालूनच ऐकला पाहिजे. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले. उष्टे देण्यात देणाऱ्याचा मोठेपणा आणि घेणाऱ्याचा कमीपणा एकाच वेळी पक्का होतो, हे त्यांनी ओळखले होते. माणसाच्या अप्रतिष्ठेची आणि कुत्र्याच्या आहाराची बरोबरी मी करत नाही. ती करणे निर्लज्जपणाचे होईल. मला फक्त देणाऱ्याच्या हाताविषयी बोलायचे आहे. उरलेले देऊन उदार होण्याची जी सवय त्या हाताला शतकानुशतके जडली, ती अजून गेलेली नाही, आणि ती सगळीकडे दिसते. महागड्या पिशवीवर जिलबी ठेवणारा हातही तोच असतो. शिवाय कुत्रे पाळणे ही सक्ती नाही. ज्याला त्याचा वाटा परवडत नाही त्याने ते आणू नये, हे उत्तर कठोर असले तरी सरळ आहे. आणून मग उष्ट्यावर वाढवायचे आणि कंटाळा आला की माळावर सोडून द्यायचे, याचे परिणाम पुणे जिल्ह्यातले माळ भोगत आहेत. मोकाट कुत्र्यांशी संकर झालेले लांडगे पुण्याजवळ आढळल्याचे जनुकीय तपासणीने २०२३ साली दाखवून दिले. आपल्या बेफिकिरीची किंमत असा लांडगाही मोजतो.

कन्हेरीहून निघताना मी त्या विद्यार्थ्याला लॅब्रॅडॉरचे वजन विचारले. त्याला ठाऊक नव्हते. गोठ्यातल्या चारही गाईंचे कालचे दूध मात्र त्याने लिटरनिशी सांगितले. मी म्हटले, ‘‘अरे, एवढे सगळे मोजतोस, मग याचेच का नाही?’’ तो जरा ओशाळला आणि म्हणाला, ‘‘सर, त्याला काय, जे उरेल ते टाकतो.’’ त्याच्या आईने आतून ऐकले असावे. त्या बाहेर आल्या, थाळीतली जिलबी उचलून बाजूला केली आणि म्हणाल्या, ‘‘मग किती वाढायचं ते लिहून द्या, मास्तर.’’

त्यांनी वापरलेले क्रियापद मी लक्षात ठेवले आहे. खिशातल्या पत्रिकेच्या पाठीवर मी पशुवैद्याचा फोन नंबर लिहून दिला.